हार्वर्ड, सरक जरा

आमच्या डब्यात त्याला नावानं कोणी हाक मारत नाही. "ए हार्वर्ड, सरक जरा," म्हटलं की चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला सत्ताविशीचा एक मुलगा मांडीवरचा लॅपटॉप न मिटता दोन बोटं आत सरकतो आणि टायपिंग चालू ठेवतो. तो हार्वर्डला गेलेला नाही. तिथल्या एमबीएचा अर्जसुद्धा अजून पुरा झालेला नाही. पण बदलापूर लोकलच्या ग्रुपात पदव्या आगाऊच देतात. आमच्यातल्या एका हेडक्लार्कला आम्ही वर्षानुवर्षं कलेक्टर म्हणतोय आणि हल्ली तो खरोखरच तशा आवाजात पंखा लावायला सांगतो.

राहतो आमच्याच सोसायटीत, कात्रपला, तिसऱ्या मजल्यावर. इंजिनिअर झाला आणि तेव्हापासून बीकेसीतल्या एका कन्सल्टिंग कंपनीत आहे. पगार बाबांच्या शेवटच्या पगाराच्या किती पट आहे ते त्याच्या आईनं आमच्या घरी एकदाच, आवाज खाली आणून सांगितलं आणि लगेच "पण टॅक्स फार जातो हो" म्हणून दृष्टही काढून टाकली. काम काय करतो, हे मात्र घरात कोणाला धड सांगता येत नाही. बाबांची व्याख्या अशी: "दुसऱ्याच्या कंपनीत जातो, त्यांच्याच माणसांना विचारून त्यांचं काय चुकतंय ते शोधून काढतो, आणि तेच त्यांना विकतो." कन्सल्टिंगबद्दल याहून नेमकं वाक्य माझ्या वाचनात नाही.

खरं म्हणजे त्याच्याकडे फर्स्टचा पास आहे. तरी तो आमच्यात, सेकंडला येतो. का, तर अर्जात 'कम्युनिटी' दाखवावी लागते. आपण कम्युनिटी आहोत हे आम्हाला त्याच्याकडूनच कळलं. तोवर आम्ही स्वतःला गर्दी समजत होतो.

त्याची बोलण्याची एक तऱ्हा आहे. तो घडलेली गोष्ट सांगतच नाही, थेट तिचं फलित सांगतो, आणि तेही टक्क्यांत. मागे सोसायटीची पाण्याची टाकी धुवायची होती. नेहमीचा माणूस गावी गेला होता, म्हणून यानं फोन करून दुसरा आणला. एवढीच गोष्ट. पुढे त्यानं मला रेझ्युमे वाचायला दिला. मी दिवाळी अंकांत कधीमधी लिहितो, त्यामुळे सोसायटीतलं इंग्रजीही मीच तपासावं असा एक समज आहे. रेझ्युमेत ही टाकी अशी उतरली होती: 'अठ्ठेचाळीस कुटुंबांच्या जलसुरक्षेसाठी पुरवठादार-निवडीच्या प्रक्रियेची पुनर्रचना, कालावधीत चाळीस टक्के बचत.'

"चाळीस टक्के कुठून आले रे?"

"काका, आधीचा माणूस पाच तास लावायचा. ह्यानं तीन तासांत केलं."

हिशेब बिनचूक होता. टाकी वरवर धुतली गेली होती, हे पुढे महिनाभर अठ्ठेचाळीस कुटुंबांच्या पोटांना कळत होतं. पण पोटाचा रकाना रेझ्युमेत नसतो.

आता डाऊनवाल्यांचं प्रकरण. बाहेरच्यांना सांगायला हवं की अंबरनाथची काही मंडळी सकाळी मुंबईकडे जाण्यासाठी आधी उलट्या दिशेनं, म्हणजे डाऊन गाडीनं बदलापूरला येतात. तीच गाडी बदलापूरहून अप होऊन सुटते, तेव्हा ही मंडळी खिडक्या धरून पेपर वाचत बसलेली असतात आणि बदलापूरचा माणूस स्वतःच्याच स्टेशनात उभा. यावरून दोन गावांत जे वैर आहे त्याला इतिहासात नोंद नाही, पण चटके रोजचे आहेत. आमच्या हार्वर्डला यात 'कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन' दिसलं. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपनं १९७० साली चार खान्यांचा एक तक्ता प्रसिद्ध केला: तारा, गाय, कुत्रा आणि प्रश्नचिन्ह. कुठला धंदा वाढवायचा, कुठला नुसता दोहायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे त्यावरून ठरवतात. ह्यानं त्या चार खान्यांत आमच्या डब्यातले प्रवासी बसवले आणि एका सकाळी कल्याण यायच्या आत लॅपटॉप उंच धरून तो सादर केला. अंबरनाथचे एक आजोबा चष्मा वर करून म्हणाले, "मी ह्यात कुठे?" ह्यानं प्रामाणिकपणे बोट ठेवलं. खाली 'काऊ' लिहिलेलं होतं.

त्या दिवशी अंबरनाथ आणि बदलापूर पहिल्यांदा एक झाले. दोघांनी मिळून त्याला कुर्ल्यापर्यंत उभं ठेवलं. अर्जाच्या निबंधात त्यानं लिहिलं, 'दोन परस्परविरोधी गटांना एका समान उद्दिष्टावर आणलं.' त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

हे सगळं सुरू झालं एका निदानापासून. ह्यानं एक अ‍ॅडमिशन कन्सल्टंट नेमला. कन्सल्टंटनं कन्सल्टंट कशाला नेमायचा, असं मी विचारलं, तर म्हणाला, "काका, न्हावी स्वतःचे केस स्वतः कापतो का?" बिनतोड होतं. त्या गृहस्थानं व्हिडिओ कॉलवर प्रोफाइल तपासलं आणि सांगितलं, भारतीय, पुरुष, इंजिनिअर आणि वर कन्सल्टंट, या गठ्ठ्यात अर्जांना तोटा नाही, त्यामुळे तुझं प्रोफाइल कॉमन आहे. आई मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. ती कॅमेऱ्यात शिरली आणि म्हणाली, "कॉमन म्हणजे? दहावीला शाळेत दुसरा होता तो!" पलीकडचा माणूस फक्त "हाय, आंटी" म्हणाला.

तोवर घर जीमॅट या प्रवेशपरीक्षेच्या धक्क्यातून सावरत होतं. ही परीक्षा २०२३च्या अखेरीस बदलली. जुन्या परीक्षेत गुणांची पट्टी ८०० ला संपायची आणि ७०० ओलांडले की पेढे निघत. नवीन पट्टी २०५ पासून ८०५ पर्यंत, आणि प्रत्येक गुणसंख्येच्या शेवटी पाच. नवे ६४५ म्हणजे साधारण जुने ७००. ह्याला पडले ६८५, म्हणजे चांगलेच. पण आत्याच्या मुलाला जुन्या काळात ७२० होते. आत्याचा फोन आला, "छान की! थोडक्यात राहिले." गोंधळ होऊ नये म्हणून शेवटी पाच लावण्याची सोय केली आहे, ती अजून आत्यापर्यंत पोचलेली नाही. त्या दिवसापासून बाबा पाकिटात रूपांतराचा तक्ता घडी करून बाळगतात. कोणी नुसतं "काय म्हणतात चिरंजीव?" असं विचारलं तरी तो बाहेर येतो. गांधी चौकात एका एलआयसी एजंटला त्यांनी तो पूर्ण समजावून दिला. पॉलिसी न विकता परतलेला एजंट मी त्या दिवशी पाहिला.

बाबांचं स्वतःचं मत जमनालाल बजाजच्या बाजूचं होतं. "तेसुद्धा १९६५ला स्टॅनफर्डच्याच सहकार्यानं निघालं. चर्चगेटला आहे. दादरला बदललं की झालं. डबा नेता येईल." मुलानं सांगितलं की प्रश्न ग्लोबल एक्स्पोजरचा आहे. मग हार्वर्डचं नाव निघालं आणि तिथल्या बिझनेस स्कूलचे डीन श्रीकांत दातार आहेत, २०२१ पासून, हे कळल्यावर बाबांचा नूरच पालटला. "दातार? कुठले दातार?" पुढचे आठ दिवस ते ओळख काढण्याच्या खटपटीत होते. डोंबिवलीत त्यांना तीन दातार सापडले. तिघांनीही हात वर केले, पण एकानं पत्रिका आहे का म्हणून विचारलं.

प्रोफाइल कॉमन, म्हणजे त्याला धार हवी. तीन महिन्यांत लावता येईल अशी धार. इथून पुढे त्याच्या उद्योगांना आमचा सगळा पट्टा अपुरा पडू लागला.

पहिला उद्योग अंबरनाथच्या शिवमंदिराचा हेरिटेज वॉक. लोक जमले: आमचा ग्रुप, त्यातल्या दोघांच्या बायका आणि वालधुनी नदीच्या वासानं नाकाला पदर लावून परत गेलेल्या एक बाई. मंदिर शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०चं. गाभारा जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेरच्या भिंतीवर इतकी शिल्पं, की मान दुखून येते. हा म्हणाला, छित्तराजानं काम सुरू केलं आणि मुम्मुणीनं पुरं केलं, "म्हणजे बघा, सक्सेशन प्लॅनिंग!" नऊशे साठ वर्षांत त्या शिलाहार राजांना बरंच काही ऐकावं लागलं असेल, पण हे नवीन होतं. मात्र एक कबूल करतो. चाळीस वर्षं अंबरनाथ स्टेशनवरून जाणारी आमच्यातली दोन माणसं त्या दिवशी पहिल्यांदा देवळात गेली. एकजण त्यानंतर दर सोमवारी जातो. ह्याला ते माहीत नाही, नाहीतर टक्केवारी निघाली असती.

दुसरा उद्योग जांभळाचा. बदलापूरच्या जांभळाला जीआय मानांकन मिळालं आहे. मे-जूनमध्ये आसपासच्या पाड्यांवरच्या बाया स्टेशनबाहेर टोपल्या घेऊन बसतात. ह्यानं ठरवलं की शेतातून थेट बीकेसीत ब्रँडेड खोक्यांतून जांभूळ पोचवायचं आणि अर्जात 'संस्थापक' लिहायचं. पहिल्याच फेरीला कुर्ल्याच्या पुलावर दोन खोकी माणसांच्या लोंढ्यात सापडली. राहिलेली शेअर रिक्षात. क्लायंटसमोर तो उभा राहिला तेव्हा त्याचा पांढरा शर्ट गुन्ह्याच्या पुराव्यासारखा दिसत होता. टोपलीवाल्या मावशीला संध्याकाळी त्यानं शेल्फ लाइफचं विचारलं. ती म्हणाली, "अरे बाबा, जांभूळ थांबत नाय. गिऱ्हाइकानं थांबायचं." पुरवठा साखळीवरचं हे व्याख्यान त्याला फुकट मिळालं आणि त्यानं ते लिहून घेतलं नाही. डबेवाल्यांवर हार्वर्डनं २०१० साली केस लिहिली. ते अर्ज न करता पोचले, असं आमचे कलेक्टर म्हणतात.

तिसरा उद्योग उल्हासनगरचा. इथे जरा थांबतो, कारण पुढच्या प्रकरणाचं मूळ त्यात आहे.

कॅम्प पाचात जीन्सचा बाजार आहे. आपल्या ग्रुपातल्या एकाच्या ओळखीनं एका सिंधी व्यापाऱ्याकडे हा 'लघुउद्योगांचं डिजिटल परिवर्तन' करायला गेला, विनामूल्य. सोबत मी, कारण मला पँट घ्यायची होती. गाळा आठ बाय दहाचा, छतापर्यंत पँटींचे गठ्ठे. शेठ स्टुलावर, पायात स्लीपर, हातात दोन फोन. त्यांनी आधी दालपक्वान मागवलं आणि मग ऐकून घेतलं. ह्यानं स्लाइड उघडल्या: कुठला माल किती दिवसांत फिरतो, कुठले साइज बंद करावेत, वगैरे. शेठनं शेवटपर्यंत ऐकलं. मधे दोनदा गठ्ठ्यांतून हात घालून, न बघता, मागितलेला साइज काढून गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकला. मग विचारलं, "बेटा, वो सब ठीक है. तेरी पढाई का खर्चा कितना?"

दोन वर्षांचा राहण्या-खाण्यासकट खर्च आज दोन कोटींच्या घरात जातो. ह्यानं आकडा सांगितला. शेठनं चलनाच्या पाठीवर पेन टेकवलं. दोन कोटी, त्यावर व्याज, दोन वर्षांचा बुडालेला पगार, आणि डॉलर वर गेला तर. ते पान मी पाहिलंय. त्या माणसानं कुठलंही फ्रेमवर्क न वापरता अर्ध्या पानात जे मांडलं, त्यात हा पुढे रात्रभर एक्सेलमध्ये चूक शोधत होता. सापडली नाही.

निघताना शेठनं आजोबांची गोष्ट सांगितली, सहज, पँटीची घडी घालता घालता. फाळणीनंतर सिंधमधून आले. इथे तेव्हा कल्याण कॅम्प, लढाईच्या काळात सैन्यासाठी उभारलेल्या बराकी. एका खोलीत दोन कुटुंबं, मधे चादर. राजाजींनी १९४९च्या ऑगस्टमध्ये येऊन उल्हासनगर नाव दिलं, तेव्हा आजोबा लोकलमध्ये पापड विकत होते. पुढे हातगाडी, मग गाळा. "अब ये," म्हणून शेठनं गठ्ठ्यांवर थाप मारली आणि धूळ उडाली.

स्टेशनकडे येताना हा गप्प होता. विठ्ठलवाडीच्या फाटकाजवळ एकदम म्हणाला, "काका, केवढा एसे आहे हो त्यांच्याकडे! आणि नुसत्या जीन्स विकतायत."

मला वाटतं, दुसऱ्याच्या दुःखाचा इतका निर्मळ हेवा वाटलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मधल्या काळात शिफारसपत्राचा एक तमाशा झाला, तो थोडक्यात सांगतो. त्याच्या मॅनेजरनं नेहमीप्रमाणे सांगितलं, तूच लिहून दे, मी पाठवतो. हे नियमात बसत नाही, आणि सगळीकडे चालतं. पत्रात एक प्रश्न असतो की उमेदवाराला तुम्ही सुधारणेसाठी काय सुचवलंत आणि त्यानं काय केलं. म्हणजे ह्याला मॅनेजर होऊन स्वतःचा दोष काढायचा होता. त्यानं डब्यात जाहीर केलं, "माझा एक दोष सांगा. पण चांगला हवा." अंबरनाथपासून सुरुवात झाली. कल्याण येईपर्यंत चौदा दोष निघाले होते आणि ठाण्याला एक अनोळखी माणूस चढला, त्यानंही एक घातला. त्यांतला एकही चांगला नव्हता. शेवटी त्यानं 'कामात स्वतःला फार झोकून देतो' असं लिहिलं. कलेक्टर म्हणाले, "आमच्या वेळी हे लग्नाच्या जाहिरातीत लिहायचे."

आता मुख्य गोष्ट. हार्वर्डनं २०२४ साली आपला एक मोठा निबंध मोडून त्याचे तीन छोटे केले. त्यातला एक असा की, कोणत्या अनुभवांनी तुम्हाला घडवलं ते सांगा. शब्द २५०. कन्सल्टंटचा निरोप आला, इथे संघर्ष हवा. हा रात्री दहाला माझ्या दारात उभा.

"काका, माझ्याकडे अ‍ॅडव्हर्सिटीच नाही."

आम्ही दोघांनी मिळून शोधली. २६ जुलै २००५ला उल्हास नदी बदलापुरात शिरली, तेव्हा हा सात वर्षांचा, साताऱ्याला मामाकडे. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर माणसं बोटींतून काढली, सगळ्या देशानं टीव्हीवर आमचं गाव पाहिलं, आणि हा बंगळूरला ट्रेनिंगला. "दोन्ही वेळा मी बाहेर!" तो कळवळून म्हणाला. मामाकडे त्या दिवशी पुरणपोळी होती, हेसुद्धा त्याला आठवत होतं आणि त्यामुळे जास्तच लागत होतं.

चार दिवसांनी त्याला संघर्ष सापडला. घरातच होता. बाबांचा.

इथे मागचं थोडं सांगायला हवं. एके काळी अंबरनाथमध्ये नोकरी म्हणजे विमकोची आगपेटी, धरमसी मोरारजींची रसायनं, नाहीतर ऑर्डनन्सची सरकारी नोकरी. ह्याचे बाबा यांतल्या कुठे नव्हते, एमआयडीसीतल्या एका मध्यम कंपनीत होते. हा पाचवीत असताना ती बंद पडली. सोसायटीत मात्र 'कंपनी बंद पडली' हे शब्द त्या घरातून कधी ऐकू आले नाहीत. 'ह्यांनी व्हीआरएस घेतली,' एवढंच. मग बाबा तीन छोट्या युनिटचे हिशेब लिहू लागले, त्याला 'कन्सल्टन्सी' म्हणत. म्हणजे घरातले पहिले कन्सल्टंट ते. दप्तराला ठिगळ आतल्या बाजूनं लागायचं. गणपतीची वर्गणी कधी कमी झाली नाही, उलट त्या वर्षी एक्कावन्नाची एकशे एक झाली. आम्हा सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि आम्हाला माहीत नाही हे त्यांना पटावं म्हणून आम्हीही कष्ट घेत होतो. मध्यमवर्गातला शेजारधर्म बराचसा असाच असतो.

आणि आता सातासमुद्रापलीकडचा एक फॉर्म म्हणत होता, ठिगळ बाहेरच्या बाजूनं दाखवा.

निबंध वाचायला बाबांनी मागून घेतला. मला मध्यस्थ म्हणून बोलावलं. टेबलावर छापील कागद, बाबांच्या हातात लाल पेन, आईच्या हातात लसणाची परडी. पहिलंच वाक्य होतं की मी दहा वर्षांचा असताना माझ्या वडिलांची नोकरी गेली. बाबांनी 'गेली' खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'व्हॉलंटरिली रिटायर्ड'.

"बाबा, गेटला टाळं होतं."

"टाळं त्यांनी लावलं. निवृत्ती मी घेतली."

"पण मग संघर्ष कुठे राहिला?"

"संघर्ष माझा आहे ना? मग मी ठरवतो."

आईचं लक्ष दुसऱ्या परिच्छेदावर होतं. "हे काय लिहिलंयस? एका भाजीवर दोन वेळा? कोण कोण वाचणार आहे हे?"

"तिकडची कमिटी, आई. कोणी ओळखीचं नाही."

"कोणी नाही कसं? दातार आहेत ना! त्यांना काय वाटेल?"

पुढे गावाचं वर्णन होतं, 'मुंबईच्या टोकाचं, दुर्गम'. त्यावर आईनं परडी खाली ठेवली. "दुर्गम? पंधरा मिनिटांत पिझ्झा येतो इथे." हे मात्र मलाही पटलं. दुर्गम शब्द सर्वानुमते गेला.

तासभर असं चाललं. मुलगा समजावत होता की तिकडे हे लपवायचं नसतं, त्याचे गुण असतात. जितकं खालून वर आलो म्हणावं तितकं बरं. बाबा ऐकत होते. 'गुण असतात' हे शब्द त्यांच्या कानात शिरले असावेत, कारण जरा वेळानं त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "तसं असेल, तर मग माझ्या वडिलांचंही घाल. ते खोपोलीहून डोक्यावरून..." मुलानं हात जोडले, बाबा, दोनशे पन्नास शब्द. "मग काकाचं घाल, त्याचा पाय गेला होता." पायाचं उत्तम होतं, पण काका लांबचे निघाले. ज्या घरानं पंधरा वर्षं एक अक्षर बाहेर जाऊ दिलं नव्हतं, ते आता आपली दुःखं हारीनं मांडून बसलं होतं, आणि मी चहाचा दुसरा कप घेऊन ऐकत होतो. त्यातली निम्मी मला माहीत होती. माहीत नसल्यासारखा चेहरा करण्याचा इतक्या वर्षांचा सराव कामी आला.

आई मधे काही बोलली नव्हती. लसूण सोलून झाला, तेव्हा सालं गोळा करत म्हणाली, "क्लासचे पैसे कुठून आले, ते नाही कोणी विचारलं."

"पीएफमधून," बाबा म्हणाले.

"पीएफ कधीच संपला होता. पाटल्या ठेवल्या होत्या मी. कल्याणला, इथे नको म्हणून."

बाबांना हे नवीन होतं. ते पेनाकडे बघत राहिले. मुलाचं तोंड उघडंच होतं. मी उठावं की बसावं या विचारात बसून राहिलो. पण कन्सल्टिंगची सवय अशी सुटत नाही. सावरायला त्याला दहा सेकंद लागले असतील. त्यानं लॅपटॉप ओढला.

"आई, किती तोळे?"

"तुला काय करायचंय?"

"आकडा लागतो गं. नुसतं पाटल्या लिहून इम्पॅक्ट येत नाही."

"चार. पण सोडवल्या हो मी! तुझ्या बारावीच्या निकालाआधी सोडवल्या. तेही लिही, नाहीतर दातारांना वाटेल गेल्याच."

तो टाइप करत होता, खाली शब्दसंख्या बघत होता, पुन्हा टाइप करत होता. "सोडवल्याचं बसत नाहीये. अकरा शब्द जास्त होतायत."

"बसव," आई म्हणाली. "नाहीतर पाटल्याच काढ."

बाबांनी छापील कागद पुढे ओढला, लाल पेनाचं टोपण काढलं आणि स्वतःच्याच अक्षरातला 'व्हॉलंटरिली' आडवी रेघ मारून खोडला.

"नुसतं 'रिटायर्ड' ठेव. एक शब्द सुटला."

"अजून दहा हवेत, बाबा."